बोटीवरची यंत्रे आणि ती राखणारी माणसे

दर्यावर गेलेल्या तांडेलाला तीन प्रश्न सारखे पडत असतात. मी या घडीला कुठे आहे? माझ्या बोटीखाली पाणी किती आहे, आणि त्या पाण्यात मासळी आहे का? तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. माझ्यावर संकट आले, तर माझी हाक कोणाला ऐकू जाईल का?

जुन्या काळी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माणसे डोळ्यांनी आणि हातांनी शोधीत. रात्री तारे पाहून, दिवसा किनाऱ्यावरचा डोंगर किंवा देवळाचा कळस पाहून जागा ओळखीत. दोरीला शिशाचा गोळा बांधून तो पाण्यात सोडीत आणि खोली वावांत मोजीत. मासळी कुठे आहे, हे पाण्याच्या रंगावरून आणि पक्ष्यांच्या झेपेवरून ताडीत. तिसऱ्या प्रश्नाला मात्र उत्तर नव्हते. हाक मारायची ती देवालाच.

आज काय आहे? मुंबईच्या ससून गोदीत, हर्णैला, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा मालवणला एखाद्या यांत्रिक बोटीच्या केबिनीत डोकावून पाहा. तिथे लहान लहान पेट्या बसवलेल्या दिसतील. एक पेटी उपग्रहांचे संदेश घेऊन बोटीची जागा सांगते. एक पाण्याची खोली आणि मासळीचा थवा दाखवते. एक बिनतारी बोलणे करते. मोठ्या जहाजावर याशिवाय रडारही असते. रडार रेडिओच्या लहरी सोडते आणि त्या कशावर आपटून परत आल्या, ते पाहते. त्यामुळे अंधारात, धुक्यात, पावसातही पुढचे जहाज कळते.

ही यंत्रे बनवणे, विकणे, बसवणे, दुरुस्त करणे हा एक मोठा धंदा आहे. त्याला सागरी इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलामुलींना त्यात पोट भरण्याची वाट आहे. पण ती वाट दाखवण्याआधी ही यंत्रे काय करतात, आणि त्यांच्यामागे कशा प्रकारची माणसे लागतात, हे आम्ही सांगणार आहोत. कारण काम कशासाठी करायचे हे ज्याला ठाऊक नाही, तो कारागीर अर्धाच राहतो.

पाण्यातून येणारा प्रतिध्वनी

खोल विहिरीच्या काठावर उभे राहून तुम्ही हाक मारली आहे ना? तुमचाच आवाज परत येतो. विहीर जितकी खोल, तितका तो उशिरा येतो. खोली मोजणारे यंत्र हेच करते.

बोटीच्या बुडाला एक डबी बसवलेली असते. ती पाण्यात आवाज सोडते. तो आवाज इतका बारीक असतो, की माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. तो तळावर आपटतो आणि परत येतो. तीच डबी तो परत आलेला आवाज ऐकते. म्हणजे ती डबी तोंडही आहे आणि कानही आहे.

आता थोडा हिशेब करू. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, म्हणजे चौपटीहूनही जास्त. समजा, आवाज सोडल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागात परत आला. तेवढ्या वेळात तो 150 मीटर चालला. पण त्यात जाणे आणि येणे, दोन्ही आले. म्हणून 150 चे निम्मे करायचे. पाण्याची खोली 75 मीटर. पाहा, यात भागाकाराखेरीज काही नाही. यंत्र तो भागाकार डोळ्याचे पाते लवण्याआधी करते, एवढेच.

मग मासळी कशी दिसते? बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक लहान पिशवी असते. तिच्या बळावर मासा पाण्यात तरंगून राहतो. पाण्यातून जाणारा आवाज हवेवर आपटला की जोराने परत फिरतो. म्हणून तळाच्या आधी मध्येच आवाज परत आला, तर तिथे थवा असावा असे समजते. मुशीच्या पोटात अशी पिशवी नसते. त्यामुळे ती यंत्रावर तितकी ठळक दिसत नाही. यंत्र सांगते ते समजून घ्यावे लागते. नुसते पाहून भागत नाही.

ही युक्ती प्रथम कोणी धंद्यात आणली, त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ती जपानातली आहे.

दोन भाऊ आणि पाण्यावरचे बुडबुडे

जपानच्या नागासाकी प्रांतात कुचिनोत्सू नावाचे बंदर आहे. तिथे कियोताका फुरुनो नावाच्या तरुणाने 1938 साली विजेच्या कामाचे एक लहान दुकान काढले. मासेमारीच्या बोटींवर तारा ओढणे, दिवे बसवणे, असे ते काम. म्हणजे आपल्याकडच्या बंदरातल्या वायरमनसारखेच. धाकटा भाऊ कियोकाता त्याच्या जोडीला होता.

बोटीवर काम करताना कियोताका मच्छीमारांशी बोलत असे. एका जुन्या जाणत्या मच्छीमाराने त्याला सांगितले, की पाण्याखाली मासळी असली की वर बुडबुडे येतात. ते बुडबुडे पाहून खाली मासळी कोणती आणि किती, याचा अंदाज बांधता येतो. दुसऱ्या कोणी हे ऐकून सोडून दिले असते. कियोताकाने ते मनात ठेवले. बुडबुडा म्हणजे हवा. हवेवर आवाज आपटून परत येतो. मग आवाजाने मासळी का सापडू नये?

दुसरे महायुद्ध 1945 साली संपले. जपान हरला होता. देशात अन्नाची टंचाई होती. मासळी हेच पुष्कळ लोकांचे अन्न. युद्धनौकांवरची खोली मोजायची जुनी यंत्रे आता कोणाला नको होती. या भावांनी तसले यंत्र मिळवले, उघडले, जोडले, आणि बोटीवर बसवून पाहिले. 1948 साली त्यांनी मासळी शोधणारे यंत्र विक्रीला आणले. मच्छीमारांच्या रोजच्या उपयोगाचे असे हे जगातले पहिले यंत्र मानले जाते.

पण गोष्ट इथे संपत नाही. खरे पाहता, ती इथे सुरू होते. पहिली यंत्रे मच्छीमारांना पटली नाहीत. कागदावर रेघा उमटत. त्यांतली मासळी कोणती आणि पाण्यातले दुसरे काही कोणते, हे नीट उमगेना. यंत्र बिघडे. आणि तांडेल म्हणत, आमच्या बापजाद्यांनी नजरेने मासळी ओळखली, ही पेटी आम्हांला काय शिकवणार?

त्यांचे तरी काय चुकले? एका खेपेला इंधन लागते. जाळी लागतात, माणसे लागतात. यंत्राने चुकीची जागा दाखवली, तर सगळी खेप फुकट जाते. विकणाऱ्याचे पैसे खिशात आणि घेणाऱ्याची चूल थंड.

तेव्हा भावांनी काय केले? ते दुकानात बसून राहिले नाहीत. धाकटा भाऊ गोतो बेटांतल्या इवासेउरा या मासेमारीच्या बंदरात गेला. मच्छीमारांबरोबर बोटीवर चढला. यंत्र दाखवते ते आणि जाळ्यात येते ते, यांचा मेळ घालीत राहिला. रेघ कशी असली म्हणजे खाली काय असते, हे त्याने जाळे वर आल्यावर डोळ्यांनी पाहिले. हळूहळू यंत्र सुधारले आणि वाचणाराही तयार झाला. जाळी भरून येऊ लागली, तेव्हा इतर बोटवाले आपणहून यंत्र मागू लागले.

त्या लहान दुकानाचा पुढे मोठा कारखाना झाला. फुरुनो हे नाव आज जगभरच्या जहाजांवर दिसते. कंपनीचे मुख्य ठाणे जपानातल्या निशिनोमिया शहरात आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या बोटींवरही त्यांची यंत्रे आढळतात.

पुढारी कोणाला म्हणावे?

पुढारी म्हटले की आपल्यापुढे व्यासपीठ येते, हार येतात, भाषण येते. धंद्यातला पुढारी निराळा असतो. या गोष्टीत पुढारीपण कुठे दिसले, ते पाहा.

एक तर त्याने न शिकलेल्या माणसाचे ऐकले. तो जुना मच्छीमार शाळेत किती शिकला होता कोण जाणे. पण समुद्राविषयी त्याला जे माहीत होते, ते पुस्तकात नव्हते. आम्ही पुष्कळ वर्षे मुलांना शिकवले. वर्गात हुशार मुलगा आम्हांला लगेच ओळखू येई. पण पुढे चार माणसांना घेऊन काम कोण करील, हे ओळखायची खूण वेगळी होती. दुसरा बोलत असताना जो मुलगा मध्ये तोंड घालीत नसे, त्याच्यावर आम्ही नजर ठेवीत असू.

दुसरे म्हणजे, माल नाकारला गेला तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाला अडाणी ठरवले नाही. 'यांना यंत्र कळत नाही' असे म्हणून हात झटकणे सोपे होते. त्यांनी आधी आपले यंत्र तपासले.

तिसरे म्हणजे, ज्या धोक्यात गिऱ्हाईक जाणार, त्या धोक्यात ते स्वतः गेले. समुद्रावरच्या यंत्राची परीक्षा दुकानातल्या टेबलावर होत नाही. बोट हलते, पाणी उडते, पोटात ढवळते, त्या वेळी होते. ज्याच्या हाताखाली दहा मेकॅनिक आहेत, त्यानेही अधूनमधून बोटीवर चढले पाहिजे. नाहीतर त्याला कागद तेवढे कळतात, काम कळत नाही.

एक ऐकणारा जागा असता तर

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. हाक कोणाला ऐकू जाईल? इथे मासळीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

1912 सालच्या एप्रिल महिन्यात टायटॅनिक नावाचे प्रचंड जहाज इंग्लंडहून अमेरिकेला निघाले होते. 14 तारखेच्या रात्री ते बर्फाच्या डोंगरावर आदळले. जहाजावर बिनतारी यंत्र होते, आणि ते चालवणारे दोन तरुण होते. जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड ही त्यांची नावे. ते मार्कोनी कंपनीचे नोकर होते. जहाज बुडू लागले तरी दोघे मदतीची हाक पाठवीत राहिले. कार्पेथिया नावाच्या जहाजाने ती हाक ऐकली आणि ते धावून आले. सातशेंवर माणसे वाचली. सुमारे 1500 माणसे गेली. त्यांत जॅक फिलिप्सही होता.

मनाला लागणारी गोष्ट पुढेच आहे. कॅलिफोर्नियन नावाचे दुसरे एक जहाज कार्पेथियाहून पुष्कळ जवळ होते. त्याच्यावरही बिनतारी यंत्र होते. पण ते चालवणारा माणूस एकच. दिवसभराचे काम संपवून, यंत्र बंद करून, तो झोपायला गेला होता. हाक आली, पण ऐकायला कोणी नव्हते. त्या माणसाने नियम मोडला नव्हता. तसा नियमच तेव्हा नव्हता.

मग 1914 साली लंडनला अनेक देशांचे लोक जमले आणि त्यांनी समुद्रावरच्या सुरक्षिततेचा करार केला. जहाजावर बिनतारी यंत्राशी अहोरात्र पहारा असावा, हे तत्त्व त्यातून आले.

म्हणून आम्ही म्हणतो, यंत्र असणे आणि यंत्राशी माणूस असणे, या दोन गोष्टी आहेत. पहिलीने दुसरीचे काम होत नाही.

आपल्या किनाऱ्यावर

लांब कशाला जायचे? 2009 सालच्या नोव्हेंबरात फयान वादळ आपल्या किनाऱ्यावर आले. त्या वेळी मासेमारीला गेलेले कितीतरी लोक परत आले नाहीत. ज्यांच्यापर्यंत वेळेवर सूचना गेली, ते बंदर गाठू शकले. ज्यांच्यापर्यंत गेली नाही, त्यांच्या घरच्यांनी किनाऱ्यावर किती रात्री काढल्या असतील!

आणखी एक दुःख पालघर, डहाणूकडच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. तिकडचे कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात कुंपण नाही. बोट सरहद्दीपलीकडे गेली की खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात जातो, आणि घरची माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत बसतात.

यावर काही उपाय निघाले आहेत. आपल्या इस्रो या संस्थेने मच्छीमारांसाठी संकटाची हाक पाठवणारे एक लहान यंत्र तयार केले. ते 2010 सालापासून वापरात आहे. बटण दाबले की उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला खबर जाते, आणि बोट कुठे आहे तेही कळते. पण बटण दाबणाऱ्याला आपली हाक पोहोचली की नाही, हे कळत नसे. 2024 साली सुधारलेले यंत्र आले. त्यावर उलट निरोप येतो, की खबर मिळाली, मदत येत आहे. बुडत्या माणसाला या दोन शब्दांचा आधार किती, ते सांगायला नको.

त्याच वर्षी 30 ऑगस्टला पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेची सुरुवात झाली. देशातल्या 1 लाख यांत्रिक बोटींवर दोन्ही बाजूंनी निरोप देणारी, आपल्याच देशात तयार झालेली यंत्रे बसवायची, अशी ही योजना आहे. वादळाची सूचना आणि सरहद्द जवळ आल्याची सूचना या यंत्रावर मिळू शकते.

1 लाख यंत्रे! ती कोण बसवणार? तार कोण ओढणार? दोन पावसाळ्यांनंतर बिघडली तर कोण उघडणार? हाच रोजगार, वाचकहो. आणि हीच जबाबदारी.

कामे कोणकोणती?

पहिले काम बंदरातल्या मेकॅनिकचे. यंत्र बसवणे, तार ओढणे, बिघाड शोधणे. यात मोठा शत्रू खारा वारा. कल्हई गेलेल्या तांब्याच्या भांड्याला जसा हिरवा कळंक चढतो, तसाच तो तारेच्या जोडावर चढतो. पुष्कळदा यंत्र धड असते आणि जोड सडलेला असतो. चांगला मेकॅनिक आधी बॅटरी, मग जोड, मग तार, आणि सर्वांत शेवटी यंत्र तपासतो. कच्चा मेकॅनिक आधी यंत्र उघडतो आणि धडधाकट यंत्र बिघडवून ठेवतो. बुडाच्या डबीवर शेवाळ व बारीक शिंपले चढतात, तीही बोट ओढली की साफ करावी लागते.

या कामासाठी दहावीनंतर आय.टी.आय. मध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा 2 वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मुलगेही घेऊ शकतात, मुलीही घेऊ शकतात. तिथे सागरी यंत्रे फारशी शिकवीत नाहीत. पण तारांचे, मापनाचे, डाग देण्याचे शिक्षण पक्के होते. पुढचे शिक्षण बंदरातल्या जाणत्या कारागिराच्या हाताखाली.

दुसरे काम कारखान्यातले. बंगलोरला 1954 साली स्थापन झालेली भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी आरमारासाठी रडार आणि पाण्याखालचा आवाज ऐकणारी यंत्रे बनवते. पुण्यालाही तिचा कारखाना आहे. पाण्याखालच्या आवाजावर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा कोचीला आहे. अशा ठिकाणी पदविका आणि पदवी घेतलेली माणसे लागतात.

तिसरे काम मोठ्या व्यापारी जहाजावरचे. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पूर्वी अशा जहाजावर रेडिओ ऑफिसर असे. टक-टक करीत मोर्सच्या भाषेत निरोप पाठवणे हे त्याचे काम. मानाची जागा होती. पुढे उपग्रह आले, आपोआप हाक पाठवणारी यंत्रे आली. 1992 पासून हळूहळू बदल होत गेला आणि 1 फेब्रुवारी 1999 ला नवी पद्धत पुरती लागू झाली. मोर्सची गरज संपली. जहाजामागून जहाजावरची ती जागा गेली.

ज्यांनी मोर्स तेवढे धरून ठेवले, त्यांना दुसरे काम शोधावे लागले. ज्यांनी नवी यंत्रे उघडून पाहिली, दुरुस्ती शिकून घेतली, ते जहाजावर राहू शकले. आज जहाजांवर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर असतो. 2010 साली मनिला येथे ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत या अधिकाऱ्याला रीतसर स्थान मिळाले, आणि ते नियम 1 जानेवारी 2012 पासून लागू झाले. जहाजावरची सगळी वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सची यंत्रे त्याच्याकडे. वीज किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण, त्यावर सरकारमान्य संस्थेत जहाजाचे शिक्षण, अशी ती वाट आहे. डोळ्यांना रंग नीट ओळखता आले पाहिजेत, कारण तारा रंगांवरून ओळखायच्या असतात. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहावे लागते, हेही आधीच सांगितलेले बरे.

यातून एकच समजायचे. यंत्र जुने होते. शिकायची सवय जुनी होत नाही.

फसू नका

आता एक कडू गोष्ट. जहाजावरची नोकरी म्हटली की दलाल येतात. आमच्या माहितीतल्या एका घरी असाच एक आला होता. गोड बोलला. 'काका, मुलगा सहा महिन्यांत ऑफिसर होईल,' म्हणाला. आईचे दागिने गहाण पडले, अडीच लाख रुपये गेले. मुलाच्या हाती आला तो एक चकचकीत कागद. त्या कागदावर कोणतेही जहाज त्याला चढू देईना. दलालाचा फोन बंद. ती माउली आम्हांला म्हणाली, "गुरुजी, कागद इंग्रजीत होता. मोठा शिक्का होता. आम्हांला वाटले, खराच असेल."

म्हणून नीट वाचा. जहाजावर माणसे भरती करणाऱ्या कंपनीला सरकारचा परवाना लागतो. त्याला आर.पी.एस.एल. म्हणतात. परवान्याचा नंबर मागा. तो नंबर खरा की खोटा, हे मुंबईतल्या जहाज वाहतुकीच्या सरकारी महासंचालनालयाकडून कळते. लोक त्याला डी.जी. शिपिंग म्हणतात. शिकवणाऱ्या संस्थेला मान्यता आहे का, हेही तिथेच कळते. संस्थेने शिक्षणाची फी घेणे रास्त आहे, तिची पावती घ्या. पण नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे नियमाविरुद्ध आहे. असे पैसे जो मागेल, त्याला दारातूनच परत पाठवा. तो कितीही गोड बोलला तरी.

वाचायला आल्याचा हा फायदा. शिक्का पाहून भुलायचे नाही. अक्षर वाचायचे, नंबर उतरून घ्यायचा, आणि विचारायचे. विचारण्यात कमीपणा नाही.

यंत्र मासळी दाखवते, घडवीत नाही

शेवटी एक सांगतो. मासळी शोधणारे यंत्र आले म्हणून समुद्रात मासळी वाढली नाही. ती सापडायला सोपी झाली, एवढेच. सापडते म्हणून सगळी ओढली, पिल्लेही ओढली, तर उद्याच्या जाळ्यात काय येणार? पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवतात ती मासळीला अंडी घालायला वेळ मिळावा म्हणूनही. यंत्र विकणाऱ्यानेही हे तांडेलाला सांगितले पाहिजे. नुसती पेटी विकून पैसे मोजणारा व्यापारी झाला. गिऱ्हाइकाच्या दहा वर्षांनंतरच्या चुलीचा जो विचार करतो, तो पुढारी.

ज्यांची माणसे दर्यावर जातात, त्यांनी एवढे जरूर करावे. बोट सुटण्याआधी संकटाची हाक देणारे यंत्र बोटीवर आहे का, आणि ते चालते का, हे विचारावे. तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर घरात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. समुद्रावरून कोणी परतले नाही, तर तो फिरवावा. आणि घरात एखादे मूल रेडिओ उघडून आत डोकावत असेल, तर त्याला रागावू नये. आधी बॅटरी काढून ठेव, एवढे मात्र सांगावे.

वर्गात बोलण्यासाठी

1. आवाज पाण्यात जाऊन सेकंदाच्या पाचव्या भागात परत आला. पाणी किती मीटर खोल?

2. कॅलिफोर्नियन जहाजावरचा माणूस दोषी होता का? तुम्हांला काय वाटते?

3. तुमच्या गावात असा कोण कारागीर आहे, की ज्याच्यावर सगळे विश्वास ठेवतात? तो विश्वास त्याने कसा मिळवला?